गर्दी झाल्याशिवाय कूर्चा नाही

साडेचार दिवस उबवलेल्या अंड्यातल्या गर्भाला पाय नसतात. पायाच्या जागी चपटा, पारदर्शक कोंब असतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यानं ते कोंब खुडत होती. कूर्चेची जनुकं त्यातल्या प्रत्येक पेशीत आहेत, पण अजून कूर्चा कुठेच नाही.

पुण्याला हे काम नवं नाही. डॉ. लीला मुल्हेरकर एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावर काम करणारे विद्यार्थी त्यांनी घडवले.

कोंब ट्रिप्सिनमध्ये पडले, पेशी सुट्या झाल्या, गाळून मोजल्या गेल्या. मग १० मायक्रोलिटरचा एकेक थेंब, थेंबात सुमारे २ लाख पेशी. इथं घाई चालत नाही. पेशी तळाला चिकटायच्या आत वरून पोषणद्रव ओतला, तर थेंब पसरतो आणि सगळं मुसळ केरात! त्याच पेशी विरळ पेरल्या तर त्या लांबट होऊन पसरतात, कूर्चा धरत नाहीत. दाटीवाटीनं, अंगाला अंग लावून राहिल्या तरच गोल होतात.

मला सगळ्यात नवल या दाटीचंच वाटलं. पेशी गोळा होतात तेव्हा सॉक्स-९ नावाचं प्रथिन आधीच कामाला लागलेलं असतं. ते नसेल तर गोळा व्हायचंच राहून जातं. डीएनएवर ठरावीक जागी बसून ते धाग्याला बाक देतं आणि सॉक्स-५, सॉक्स-६ यांना हाताशी धरून टाइप-२ कोलॅजन आणि ॲग्रेकन या कूर्चेच्या घटकांची जनुकं चालू करतं. माणसात सॉक्स-९ च्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी पायांची हाडं वाकडी होतात, श्वासनलिकेच्या कड्या लिबलिबीत राहतात. अशी बरीच बाळं श्वास न पुरल्यानं दगावतात. बिघाड याच जनुकात आहे, हे १९९४ मध्ये कळलं.

चौथ्या दिवशी बशीत आल्शियन ब्लू हा रंग घातला. आम्लता नेमकी, पीएच १. एवढ्या आम्लतेत रंग ॲग्रेकनच्या गंधकयुक्त शर्करांनाच धरतो. सकाळी धुतल्यावर दाट थेंबांत निळ्या गाठी. शेजारचा विरळ कप्पा कोरा.

“पण हा निळा म्हणजे जनुक नव्हे हं,” ती म्हणाली. “हा त्यानं केलेला माल. जनुक चालू झालं कधी, ते आरएनए काढल्याशिवाय नाही सांगता येत.” त्यासाठीचे पहिल्या दिवसाचे थेंब तिनं आधीच उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये टाकले होते.