आधी कोणती गाठ?

वर्धा जिल्ह्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा चौकाचौकात घोटला जातो, त्यामुळे तोंडाचा कर्करोग इथल्या डॉक्टरांना रोजचाच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्यातल्या कर्करोगांची नोंदवहीच ठेवली जाते. पण गालातल्या गाठीसाठी आलेल्या, वर बिडीही ओढणाऱ्या माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातही डाग दिसला, तर?

अशा जोडगाठींचं कारण स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडलं. तोंडाच्या कर्करोगाचे ७८३ रुग्ण तपासताना त्यांना गाठीभोवतीचं निरोगी दिसणारं अस्तरही बिघडलेलं आढळलं. तंबाखू एका ठिपक्यावर नव्हे, जाईल त्या सगळ्या वाटेवर घाव घालते.

डाग दिसला म्हणजे कर्करोग पसरला, असं मात्र नाही. आपल्याकडे तो क्षयाचाही असतो, आणि पेट स्कॅनमध्ये क्षयही उजळतो. म्हणून आधी तुकडा तपासायचा. तो कर्करोग निघाला, तरी तोंडातून पसरलेला की स्वतंत्र, हे ठरवावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसू शकतात. दोन्ही स्वतंत्र आणि लवकर सापडलेले असतील, तर दोन्ही बरे होण्याची आशा असते. इथे घाईने हात टेकणं मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मग उपचारांचा क्रम. दुसरी गाठ फुप्फुसाऐवजी श्वासनलिकेत असेल तर तिचा मान पहिला. साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची ही नळी आठ मिलिमीटरवर आली की चालताना धाप लागते, पाचवर आली की बसल्या जागी. अनेकदा तो दमा समजून महिने जातात. दुर्बिणीतून वाट मोकळी केल्याशिवाय भूल देणाऱ्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी नळी घालणंही धोक्याचं. पुढे नलिकेचा रोगट भाग कापून टोकं जोडतात. सांध्यावर ताण नको म्हणून हनुवटी आठवडाभर छातीशी टाक्याने बांधून ठेवतात.

फुप्फुसातली छोटी गाठ बहुधा काही आठवडे थांबू शकते, तोंडातली वेगाने वाढते. म्हणून तोंड आधी, असा कल असतो. पण तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असतील, तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. फुप्फुसाची शस्त्रक्रिया त्याआधी बसवायची की नंतर, हे जखम किती भरली आणि फुंकर-चाचणीत दम किती निघाला यावर ठरतं. हे एकट्या सर्जनने ठरवू नये. सर्जन, भूलतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसलेत का आणि हीच गाठ आधी का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं.

वाट पाहण्याचे आठवडे वाया जात नाहीत. त्यात बिडी सुटली, तर शस्त्रक्रियेनंतर कफ साचणं आणि जखम चिघळणं, दोन्ही कमी होतं.