मोडले तर पुन्हा करू

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीचे नाव बालशिक्षणाच्या इतिहासात घेतले जाते ते मुख्यतः अंगणवाडी या शब्दासाठी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन घरांच्या अंगणातच शाळा भरवली आणि पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. टेकडीवरचा दुसरा प्रयोग मात्र मागे पडला आणि माझ्या मते आज पालघर जिल्ह्याला गरज आहे ती त्याचीच. शाळेत कला शिकवायला जे साहित्य लागते ते कुठून यावे, कोणी करावे आणि मोडल्यावर त्याचे काय व्हावे, या प्रश्नाला कोसबाडने दिलेले उत्तर साधे होते. मुलाच्या हाती असेच साहित्य द्यावे, जे गावातले कोणीतरी पुन्हा बनवू शकेल. बोईसर-तारापूरच्या शाळांसाठी आणि वस्त्यांसाठी एखादे कलासाहित्याचे घर उभारायचे असेल तर त्याची पायाभरणी याच उत्तरावर व्हायला हवी.

ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या त्या कोऱ्या पाटीने नव्हेत. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचा कसून अभ्यास केला होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली गेली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. बोर्डीच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात अनुताई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७च्या सुमारास काम कोसबाडला हलले. ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. मूल शाळेत का येत नाही याचे कारण त्या उठावात उघड दिसत होते. बाप सावकाराच्या शेतावर, आई मोळीला, थोरले पोर गुरांमागे आणि धाकटे त्याच्या कडेवर. अशा ठिकाणी माँटेसरीचा गुलाबी मनोरा आणि खाचेत नेमके बसणारे लाकडी दट्टे शहरातून विकत आणणे परवडणारे नव्हते. परवडले असते तरी ते कपाटातच राहिले असते, कारण एक दट्टा हरवला की अख्खा संच वाया जातो. मग शिंपले आले, चिंचोके, गुंजा, दगडगोटे, पाने, बांबूचे तुकडे, माती आली. मोजायचे, प्रतवारी लावायची, आकार ओळखायचे, नक्षी मांडायची, सगळे यांतूनच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तेव्हा शिक्षिकाच कुरणावर गेली आणि साहित्य तिथे पायाखालीच होते.

या निवडीकडे गरिबीतून काढलेली वाट म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. माँटेसरी साहित्यामागचे तत्त्व कोसबाडने सोडले नव्हते. एका वस्तूतून एकच गुण स्पष्ट व्हावा, चूक मुलाला स्वतःलाच दिसावी, हे निकष तसेच राहिले. बदलली ती वस्तूची मालकी. चिंचोके सांडले तर बाई रागावणार नाहीत हे मुलाला कळते आणि तिथूनच त्याचा हात मोकळा होतो. कलाशिक्षणात हे फार महत्त्वाचे असते. रंग संपेल, कागद फाटेल, वस्तू फुटेल या धाकात बसलेले मूल नमुन्याबरहुकूम चित्र काढते, कारण त्यात धोका कमी असतो. मोडले तर पुन्हा करू, एवढा भरवसा असला की तेच मूल काहीतरी वेगळे करून पाहते.

हा भरवसा आजच्या व्यवस्थेत कुठे आहे ते पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली, पण सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तरच. पाड्यावरच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेला ही अट कधीच लागू होत नाही, म्हणजे कायद्याच्या हिशेबात तिथल्या मुलाला कलेचा शिक्षकच नाही. माध्यमिक शाळेत चित्रकला आहे, पण तिची दिशा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी ठरते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती, अक्षरलेखन. या परीक्षांनी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हात घडवले आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यांना लागणारे सगळे साहित्य दुकानातून येते आणि परीक्षेतल्या गुणांवर दहावीचे वाढीव गुण ठरू लागल्यापासून चुकून पाहण्याची मुभाही आटली आहे. राहिला सरकारी संच. एनसीईआरटीने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलक असे बरेच काही आहे आणि ते विचारपूर्वक केलेले आहे. पण कोणताही संच शाळेत पोचला की त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, आणि नोंद झालेली वस्तू फुटली तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. त्यामुळे तो ती जपून ठेवतो. यात शिक्षकाचा दोष नाही. ज्या वस्तूचा दुसरा नग गावात होऊ शकत नाही तिची गत अशीच होते.

पुन्हा करता येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हा जिल्हा किती समृद्ध आहे हे तारप्यावरून दिसते. वाळवून पोकळ केलेला लांबट भोपळा, त्याच्या एका टोकाला फुंकण्याची जागा, दुसऱ्या टोकाला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, नळ्यांत थरथरणारी जीभ, सांधे बुजवायला मेण आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला भोंगा. वाजवणारा गाल फुगवून, दम न तोडता फुंकत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. यातला एकही भाग बाजारातून येत नाही आणि एकही भाग कायमचा नाही. भोपळा तडकतो, पान सुटते, मेण उन्हात पाघळते. तारपा जिवंत राहतो तो दुरुस्त करणाऱ्याच्या हातात. सहावीच्या वर्गात असा एक तारपा मुलांसमोर उघडला आणि पुन्हा जोडला, तर ध्वनीचा धडा, वनस्पतींचा धडा आणि संगीताचा तास एकाच टेबलावर होतात. भिंतीवर टांगलेल्या तारप्याच्या चित्रातून यातले काहीच होत नाही.

लग्नचौकाचेही तसेच आहे. वारली लग्नात कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवासिणी चौक लिहितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून तिचा कुंचला करायचा आणि चौकटीच्या मधोमध पालघट देवी बसवायची. धवलेरी गाते आणि गाण्यातून विधी पुढे सरकतो. लग्न उरकले की चौकाचे काम संपते, पीठ हळूहळू झडते आणि पुढच्या लग्नात नवा चौक लिहिला जातो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी या बायकांच्या हाती कागद आणि पांढरा रंग दिला. त्यानंतर गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी चौकाबाहेरची शेते, नाच, मासेमारी, मुंग्यांच्या रांगा अशी सारी सृष्टी कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पालघरच्या शाळांच्या भिंतीही वारली आकृत्यांनी रंगल्या, पण बहुतेक ठिकाणी त्या तैलरंगाने, साचा ठेवून काढलेल्या असतात. दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला, एवढाच पाठ त्यातून मुलाला मिळतो. वारली मुलालाही आपल्या आजीची कला शाळेत या रूपात भेटते, याचे मला वाईट वाटते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. विधीचे चित्र शाळेत आणणे म्हणजेच त्याचा साचा करणे, तेव्हा ते घरातच राहू द्यावे. पालघट शाळेच्या भिंतीवर लिहायची की नाही, याचा निर्णय मुख्याध्यापकाने किंवा प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने घेऊ नये. तो धवलेरीचा आणि सवासिणींचा आहे आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथे संपला. पण पीठ किती पातळ करायचे, सारवण ओले असताना रेघ का पसरते, काडी किती चावायची, हे शिकवायला त्यांची हरकत नसेल तर तो वर्ग त्यांनीच घ्यावा आणि त्याचे मानधन त्यांना मिळावे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्थानिक कलावंत-कारागिरांना शाळेत शिकवायला बोलावण्याची वाट मोकळी केली आहे. पदवी नसलेल्या बाईला शिक्षिका म्हणून खुर्ची देण्याचे काम कोसबाडने त्याच्या कितीतरी आधी केले होते.

बोईसर-तारापूरचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देते आहे, शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या भोवतीच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले वाढत आहेत. या मुलांना चिंचोके आणि तारपा जितके परके, तितकेच वारली मुलांना कारखान्याच्या फाटकाआडचे जग परके. या दोघांमध्ये एक तिसरे कौशल्य उभे आहे, ज्याची दखल शिक्षणाने जवळजवळ घेतलेलीच नाही. चिंचणी, वाणगावच्या पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादी ठोकळ्यावर बारीक छिन्नीने नक्षी उलटी कोरायची, म्हणजे पत्र्यावर ती सुलटी उठते. खोलगट भाग वर येणार आणि उंचवटा आत जाणार, हे डोक्यात उलटे धरून हात चालवावा लागतो. ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रात आणि कर्तव्य भूमितीत जे कागदावर शिकवतात ते इथे पोलादात चालू आहे, शाळेपासून हाकेच्या अंतरावर.

कारखान्यांच्या उरल्यासुरल्या मालाचेही काही करता येते, हे इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराने दाखवले आहे. योगायोग असा की तिथल्या बालशाळांचा आरंभही १९४५चाच. युद्ध संपल्यावर मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून गावकऱ्यांनी शाळा बांधायला घेतली आणि लोरिस मालागुत्सी त्यांना येऊन मिळाले. त्याच शहरात १९९६ पासून ‘रेमिदा’ नावाचे केंद्र चालते. कारखान्यांतले कापडाचे काठ, कागदाच्या पट्ट्या, नळ्या, बिघडलेले नग तिथे येतात, रंगानुसार आणि पोतानुसार मांडले जातात आणि शिक्षक हवे ते घेऊन जातात. चिंचोक्यांचाच न्याय इथे लागू होतो. वस्तू हरवली, फाटली तरी कोणाला हिशेब द्यावा लागत नाही.

तारापूरच्या बाबतीत मात्र मोठी सावधगिरी हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तारापूर अगदी वरच्या स्थानी होते. अशा ठिकाणचा माल मुलांच्या हाती द्यायचा का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो योग्यच आहे. रासायनिक आणि औषधी कारखान्यांतले काहीही नको, तिथली रिकामी पिंपे, पोती, पुठ्ठेसुद्धा नकोत. कापडाच्या चिंध्या, सुताच्या रिकाम्या कांड्या, न वापरलेले पुठ्ठे एवढ्यावरच थांबावे आणि प्रत्येक मालावर तो कुठून आला याची चिठ्ठी असावी. ही चिठ्ठी वाचता येणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. आपल्या नाल्याचे पाणी कोणत्या रंगाचे आहे हे ज्या मुलांना रोज दिसते, त्यांच्यापासून वस्तूचा उगम लपवण्यात अर्थ नाही.

सर्वांत कडक आक्षेप वेगळाच आहे. पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, तिथे तारपे आणि डाय कशाला, असे शिक्षक आणि पालक दोघेही म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण कोसबाडने साहित्य आणि अक्षर यांची फारकत कधी केलीच नव्हती. तिथले शिंपले मोजायला होते, पाने आकार ओळखायला होती, आणि अक्षर लिहिण्याआधी बोटांना वळण लागते ते मातीत आणि रेघोट्यांत. आता कोणी म्हणेल की हे सारे दोन असामान्य बायांमुळे जमले, संस्थेमुळे नाही. त्यावर अंगणवाडीचा पुढचा प्रवासच पाहावा. राष्ट्रीय योजनेने सहा सेवा ठरवल्या आणि पोषण, लसीकरण यांचा भार इतका मोठा होता की पूर्वप्राथमिक शिक्षण मागच्या बाकावर गेले. नाव देशभर पोचले, पण साहित्य घडवण्याचे काम टेकडीवरच राहिले. बाया असामान्य होत्याच, पण ते काम पुढे नेण्याची व्यवस्थाच कोणी केली नाही, हे त्याहून मोठे कारण आहे.

अशा कलासाहित्याच्या घराला संशोधनाचा कोपराही हवा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे काम १९६२ पासून चालू आहे आणि तिच्या संग्रहालयात आदिवासी जीवनातल्या वस्तू जपलेल्या आहेत. जपणूक तिथे होऊ दे. बोईसरच्या घराने कृती नोंदवाव्यात: कोणता भोपळा निवडला, मेण किती तापवले, कोणत्या मुलाने कुठे अडखळून काय वेगळे केले. ताराबाई आणि अनुताईंच्या लेखनाचे बळ याच निरीक्षणांत आहे. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे पुस्तक रोजच्या कामातूनच आले.

आणि या घराचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊ नये. बोहाड्याचे मुखवटे जव्हार-मोखाड्यात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत बाहेर निघतात. चौक लग्नसराईत लिहिले जातात, म्हणजे नेमके शाळांना सुट्टी असते तेव्हा. तारप्याचा काळ भात तयार होऊ लागल्यावरचा. बोईसर स्टेशनजवळ एखादी रिकामी खोली मिळाली तर तिचे कुलूप त्याच दिवसांत उघडावे, वाळलेले भोपळे आणि ताडाची पाने आणून ठेवावीत आणि ती कोणाच्याही नोंदवहीत चढवू नयेत.