वर्णद्वेष आणि अमेरिकन कादंबरी

वर्णद्वेष समजून घेण्यासाठी कथा-कादंबऱ्यांकडे जाण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. कायद्याची पुस्तके आहेत, खटल्यांचे निकाल आहेत, इतिहासकारांनी जमवलेली कागदपत्रे आहेत. अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्यावरून उद्भवलेल्या एका खटल्यात ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि गोऱ्यांचे डबे, गोऱ्यांच्या शाळा, गोऱ्यांचे पाण्याचे नळ निराळे ठेवायला मोकळीक मिळाली. १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. हे सारे आपल्याला तारीखवार सांगता येते.

पण एक गोष्ट या कागदांत सापडत नाही. हे नियम पाळणारी माणसे काही राक्षस नव्हती. ती रविवारी देवळात जात होती, मुलांवर माया करीत होती, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावत होती, दानधर्मही करीत होती. मग अशा माणसांनी पिढ्यान् पिढ्या हा अन्याय उशाशी घेऊन सुखाने झोप कशी घेतली? निकालपत्राला हा प्रश्न पडत नाही. कादंबरीकाराला पडतो, कारण त्याला माणूस घराच्या आत शिरून पाहायचा असतो.

या विषयावरील सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे हॅरिएट बीचर स्टो यांचे ‘अंकल टॉम्स केबिन’. १८५२ साली ते ग्रंथरूपाने आले आणि पहिल्या वर्षातच एकट्या अमेरिकेत त्याच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागे करण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा, याविषयी वाद नाही. त्या चळवळीचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते अर्पण केले अमेरिकेतील सदाचारी लोकांना, म्हणजे ज्यांनी गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली त्यांना. जोतीरावांना नेमके काय भावले, हे त्यावरून दिसते. स्वतःच्या पायात बेडी नसताना दुसऱ्याची बेडी तोडायला निघालेली माणसे त्यांना आपल्या देशबांधवांपुढे ठेवायची होती.

मात्र स्टोबाईंच्या पुस्तकाची एक मर्यादा पुढे स्पष्ट होत गेली. त्यांचा टॉम सोसतो, क्षमा करतो आणि मरतो. त्याला मरेपर्यंत मारहाण करवणारा लेग्री इतका दुष्ट आहे की त्याच्यात स्वतःचा चेहरा कोणाही वाचकाला दिसू नये. वाचक रडतो, आणि रडून झाल्यावर आपण लेग्री नाही याचे समाधान मानून पुस्तक मिटतो. पुढे कृष्णवर्णीयांत ‘अंकल टॉम’ ही शिवी झाली. गोऱ्यापुढे मान तुकवणाऱ्याला ती देत असत. त्यात टॉमवर अन्याय होतो हे खरे, कारण मूळ टॉम दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगायचे नाकारून मार खातो. पण शिव्या काही पुस्तक वाचून ठरत नाहीत.

स्टोबाईंच्या सात वर्षे आधी, १८४५ साली, एक लहानसे आत्मचरित्र बोस्टनला प्रसिद्ध झाले होते. फ्रेडरिक डग्लस हा त्याचा लेखक गुलामीत जन्मला आणि १८३८ साली पळून मुक्त झाला. त्या पुस्तकात चाबकाचे वळ आहेत, उपासमार आहे. पण माझ्या मनात घर करून राहिली ती बाल्टिमोरच्या घरातील मालकीण, सोफिया ऑल्ड. लहानगा फ्रेडरिक त्या घरी आला तेव्हा या बाईच्या हाताखाली पूर्वी कधी गुलाम राहिलेला नव्हता. लग्नाआधी ती विणकाम करून स्वतःचे पोट भरीत असे. गुलामाशी कसे वागायचे हे तिला ठाऊकच नव्हते, म्हणून ती त्याच्याशी माणसासारखी वागली. खाली मान घालून उभे राहणे तिला आवडत नसे. तिने त्याला मुळाक्षरे शिकवली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत त्याची मजल नेली. नवऱ्याला हे कळताच त्याने तिला थांबवले. गुलामाला वाचायला शिकवले की तो कामातून गेला, असे त्याचे म्हणणे. मुलाने ते ऐकले आणि आपल्या सुटकेची वाट कोठून जाते हे त्याला उमगले. पुढे पावाचे तुकडे देऊन त्याने रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून उरलेले वाचन शिकून घेतले.

पण बाईंचे काय झाले? बाई बदलल्या. प्रथम शिकवणे थांबले, मग स्वर चढला, आणि शेवटी नवऱ्याहूनही कडक पहारा त्याच ठेवू लागल्या. पोराच्या हाती वर्तमानपत्र दिसले की धावून येऊन हिसकावून घेत. डग्लस म्हणतो की गुलामगिरीने जसे माझे नुकसान केले तसे तिचेही केले. ज्याने घाव सोसले त्याने हे लिहावे, यात पुस्तकाचे मोठेपण आहे. निर्दयपणा हा त्या बाईचा स्वभाव नव्हता. तो तिला शिकावा लागला, आणि एकदा शिकल्यावर तिने त्यात प्रावीण्य मिळवले.

मार्क ट्वेनचा ‘हकलबेरी फिन’ हे याच धड्याचे दुसरे टोक. पुस्तक इंग्लंडमध्ये १८८४ च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत १८८५ साली निघाले, म्हणजे गुलामगिरी जाऊन वीस वर्षे झाल्यावर. पण कथेचा काळ त्याच्या चाळीसेक वर्षे मागचा. हक हा दारुड्या बापाचा उनाड पोरगा. पळालेल्या जिम नावाच्या गुलामाबरोबर तो तराफ्यावरून मिसिसिपी नदीने खाली निघतो. लहानपणी हे पुस्तक वाचले तेव्हा माझ्या लक्षात राहिली ती नदी आणि तो तराफा. तिच्यात एक पत्र आहे, हे मोठेपणी पुन्हा वाचताना कळले.

जिम हा वॉटसनबाईंची मालमत्ता. तिला पळायला मदत करणे म्हणजे चोरी, आणि ज्या बाईने आपले काही वाकडे केले नाही तिचीच चोरी! हकची सदसद्विवेकबुद्धी त्याला टोचू लागते. ती जे सांगते ते त्या गावातल्या प्रत्येक धर्मोपदेशकाने आणि शिक्षकाने सांगितले असते. अखेर तो बाईंना जिमचा पत्ता कळवणारे पत्र लिहितो. लिहिताच पाप धुतले गेल्यासारखे त्याला हलके वाटते. मग नदीवरच्या रात्री आठवतात. आपली पाळी संपल्यावरही झोपमोड नको म्हणून जिम आपल्या ऐवजी पहाऱ्याला बसत असे, ते आठवते. तो पत्र फाडतो आणि नरकात जायची मनाची तयारी करतो. आपण बरोबर वागत आहोत असे त्याला क्षणभरही वाटत नाही, ही यातली खरी गोम. समाजाने त्याच्यातला पापपुण्याचा काटाच असा बिघडवून ठेवला आहे की सत्कृत्य करायला त्याला पापी व्हावे लागते.

पुढच्याच प्रकरणात दोन-तीन ओळींचे एक संभाषण आहे. आगबोटीवर स्फोट झाल्याची थाप हक मारतो. एक प्रेमळ गृहिणी विचारते, कोणाला इजा झाली का? तो सांगतो, नाही, एक काळा तेवढा मेला. ती म्हणते, नशीब, कारण कधी कधी अशात माणसे जखमी होतात. एवढे बोलून ती त्याच्याशी पुन्हा मायेने वागू लागते.

रिचर्ड राइटने १९४० साली ‘नेटिव्ह सन’ लिहिली ती शिकागोवर. गुलामगिरी गेली, दक्षिणेकडचे फलक गेले. उरली ती वस्ती. बिगर थॉमस हा वीस वर्षांचा तरुण आई, भाऊ आणि बहीण यांच्यासह एका खोलीत राहतो. कपडे बदलताना इतरांनी तोंड फिरवावयाचे, हा घरातला रिवाज. पहिल्याच पानांत तो खोलीत शिरलेला उंदीर मारतो. त्याला डाल्टन नावाच्या श्रीमंताकडे मोटार हाकण्याची नोकरी लागते. डाल्टन उदार आहेत. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी त्यांनी लक्षावधी डॉलर दिले आहेत, पोरांच्या क्लबला पिंगपाँगची टेबले पाठवली आहेत. आणि बिगरची ती एक खोली ज्या कंपनीची, तिच्यावर ताबा आहे तोही यांचाच. पुढे चौकशीत वकील त्यांना विचारतो की काळ्यांना भाडे जास्त का, आणि दुसऱ्या वस्तीत जागा का देत नाही? भाडे उतरवणे धंद्याच्या नीतीला धरून होणार नाही, असे ते सांगतात. त्या लोकांना एकत्र राहणेच बरे वाटते, असेही सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसे वाटते. त्यांची पत्नी आंधळी आहे. राइटने ही खूण जरा ठळकच ठेवली आहे, पण ती चुकीची नाही.

बिगरच्या हातून डाल्टन यांच्या मुलीचा जीव जातो, तो भीतीने. रात्री तिच्या खोलीत काळा माणूस सापडला तर पुढे काय, हे त्याला पुरते ठाऊक असते. आंधळी आई दारात येते तेव्हा मुलीने आवाज करू नये म्हणून तो उशी दाबतो. त्यानंतर मात्र तो आपल्याच वस्तीतल्या बेसी या मैत्रिणीचा जाणूनबुजून खून करतो, आणि तेथे वाचकाची कणव संपते. हे राइटने ठरवून केले. त्याच्या आधीच्या कथासंग्रहावर सुखवस्तू घरांतल्या मुली रडल्या आणि त्यांना बरे वाटले, असे त्याला दिसून आले. पुढचे पुस्तक असे लिहीन की रडण्याची सोयच राहणार नाही, असा त्याने निश्चय केला होता.

जेम्स बाल्डविनला हा मार्ग पटला नाही. १९४९ च्या एका निबंधात त्याने म्हटले की स्टोबाईंचा टॉम आणि राइटचा बिगर ही एकाच नाण्याची दोन अंगे, कारण दोघांतही माणूस हरवून प्रश्न तेवढा उरतो. आक्षेप तीव्र आहे आणि त्यात तथ्यही आहे. बिगरच्या मनात भीती आणि संताप यांखेरीज फारसे काही आढळत नाही. तरीपण भाड्याविषयीची ती प्रश्नोत्तरे राइटखेरीज दुसऱ्या कोणी लिहिली असती असे मला वाटत नाही. राल्फ एलिसनने १९५२ च्या ‘इन्व्हिजिबल मॅन’मध्ये तिसरी वाट काढली. त्याचा निवेदक बुद्धिमान आहे, बोलघेवडा आहे, विनोदीही आहे. पण समोरचे त्याला पाहतच नाहीत, आपल्या मनातली कल्पना तेवढी पाहतात. म्हणून तो तळघरात १३६९ दिवे लावून बसतो.

आता पुन्हा जिमकडे येतो. ट्वेनने हकचे मन उघडून दाखवले, पण जिमचे मन बरेचसे बंदच राहिले. पुष्कळदा तो हसण्यासाठीच पुढे येतो. हे दार २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट यांनी ‘जेम्स’ या कादंबरीत उघडले. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकही मिळाले. येथे गोष्ट सांगतो तो जिम स्वतः. त्याला उत्तम वाचता येते, तो तत्त्वज्ञांशी मनातल्या मनात वाद घालतो, आणि ते मोडकेतोडके, हास्यास्पद इंग्रजी बोलतो ते केवळ गोऱ्यांच्या कानांसाठी.

या पुस्तकाच्या आरंभी एक शाळा भरते. झोपडीत दार लावून जिम मुलांना अशुद्ध बोलायला शिकवतो, कारण त्यांच्या जिवाची सुरक्षितता त्यावर आहे. तो एक उदाहरण घालतो. समजा, मालकीणबाईंच्या स्वयंपाकघराला आग लागली आहे आणि त्यांना पत्ता नाही. कसे सांगाल? एक मूल म्हणते, ‘आग, आग’ म्हणून ओरडायचे. जिम मान हलवतो. ते फार सरळ झाले. अगोबाई, तिकडे बघा, एवढेच ओरडायचे आणि आग हा शब्द बाईंनाच पहिल्यांदा उच्चारू द्यायचा.