आधी हल्ला की आधी राजा? बुद्धिबळातले काही पक्के गैरसमज

गुरुग्राममधल्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाचे पट मांडले जातात, तेव्हा भोवती उभ्या असलेल्या आईबाबांचे सल्ले दोनच प्रकारचे असतात. ‘नुसता बसून काय राहिलास, हल्ला कर!’ हा एक. ‘आधी राजाचं बघ, बाकीचं नंतर,’ हा दुसरा. मूल एकदा याचं ऐकतं, एकदा त्याचं, आणि दोन्ही वेळा हरतं. हल्ला आणि बचाव ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांतलं एक आधी संपवायचं आणि दुसरं मग हाती घ्यायचं, या समजातच घोटाळा आहे. आळीपाळीने चाल करण्याच्या खेळात प्रत्येकाला एका वेळी एकच चाल मिळते. चांगल्या चालीने दोन्ही कामं थोडीथोडी पुढे जातात.

‘वजीर लवकर बाहेर काढला की डाव लवकर जिंकता येतो.’ शाळेत शिरलेलं प्रत्येक मूल हे शिकून येतं, कारण चार चालींची मात त्याने कुणावर तरी यशस्वी केलेली असते. ती पटावर मांडून पाहू. दोघांनीही राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पांढरा उंट सी४ वर आला, काळा घोडा सी६ वर. मग पांढरा वजीर थेट एच५ वर. आता वजीर आणि उंट दोघांची नजर एफ७ या घरावर आहे आणि त्या घराला राखण एकट्या राजाची. काळ्याने गाफीलपणे दुसरा घोडा एफ६ वर काढला, तर एफ७ वर मात होते. पण काळ्याने जी६ वर प्यादं सरकवलं तर? वजिराला हटावं लागतं. तो एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ कडे पाहतो. आता मात्र काळा घोडा एफ६ वर येऊन वाट अडवतो. इथे थांबून मोजा. पांढऱ्याचा वजीर दोनदा हलला आहे आणि स्वतःच्या घोड्याच्या सर्वांत चांगल्या घरावर बसला आहे. काळ्याचे दोन्ही घोडे मैदानात आहेत आणि जी७ वर उंटासाठी जागा मोकळी झाली आहे. काळ्याने बचावच केला, पण एकही चाल निव्वळ बचावावर घालवली नाही. घर राखता राखता त्याचं सैन्य बाहेर पडलं.

आम्ही राहतो ते गाव परंपरेने द्रोणाचार्यांचं. २०१६ मध्ये गुडगावचं अधिकृत नाव गुरुग्राम झालं तेही त्याच आधारावर. (द्रोणाचार्य पुरस्कार बुद्धिबळात १९८६ मध्ये मिळाला तो रघुनंदन गोखले यांना, हे इथल्या मराठी मुलांना मी आवर्जून सांगतो.) द्रोणांनी रचलेल्या चक्रव्यूहात अभिमन्यू का पडला? बाहेर पडायचं माहीत नव्हतं म्हणून, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते अर्धंच कारण आहे. अभिमन्यूने व्यूह फोडायचा आणि त्याच्या मागोमाग भीम आणि बाकीच्यांनी आत शिरायचं, असं ठरलं होतं. जयद्रथाने त्या सगळ्यांना तोंडाशीच अडवलं आणि अभिमन्यू आत एकटा पडला. एच५ वरच्या वजिराचंही तेच होतं. धाडस कमी पडलेलं नसतं, मागून कुणी येणारं नसतं.

म्हणून हल्ला करावा की नाही, हा प्रश्न स्वभावाचा नसून मोजणीचा आहे. याचा जुना नमुना इटालियन खेळाडू जोआकिनो ग्रेको याच्या १६२० च्या सुमाराच्या टिपणांत सापडतो. पांढऱ्याने उंट देऊन एच७ वरचं प्यादं घ्यायचं, राजाला बाहेर ओढायचं, घोडा जी५ वर आणून शह द्यायचा आणि वजीर एच५ वर न्यायचा. हे बलिदान क्लबातल्या खेळात रोज दिसतं आणि बऱ्याचदा अंगाशी येतं. ते साधतं कधी? पांढरं प्यादं ई५ वर असेल तर एफ६ वर काळ्याचा घोडा टिकत नाही, म्हणजे राजाचा मुख्य पहारेकरी जागेवर नसतो. उंट, घोडा आणि वजीर तिघांना थेट वाट हवी. जी५ वर आलेला घोडा काळ्याला फुकटात मारता येता कामा नये. यातली एखादी अट सुटली, काळ्याचा उंट एफ५ वर येऊन एच७ झाकू शकला किंवा घोडा एफ६ वर परतू शकला, की पांढऱ्याचा उंट गेला तो गेलाच. विल्हेल्म स्टाइनिट्झ, १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता ठरलेला, हेच शिकवून गेला: आधी स्थिती वरचढ करा, हल्ल्याचा हक्क त्यातून मिळतो, आणि तो मिळाल्यावर हल्ला केला नाही, तर मिळवलेली आघाडी विरून जाते. या वाक्याचा दुसरा भाग आपल्याकडे सांगायचा राहून जातो. सतत राजाचंच बघत बसणं हीसुद्धा चूकच आहे.

‘किल्लेकोट केला की राजा सुरक्षित.’ किल्लेकोट, म्हणजे आताची मुलं ज्याला कॅसलिंग म्हणतात, तो राजाला कोपऱ्यात नेतो आणि हत्तीला मध्याकडे आणतो. म्हणजे मुळात तीही दुहेरी कामाची चाल आहे. त्याच्या नियमाबद्दलही गोंधळ असतो. राजा शहात असेल, शहाच्या घरावरून जात असेल किंवा शहाच्या घरात पोहोचत असेल, तर किल्लेकोट करता येत नाही. हत्तीवर मारा असेल तर मात्र करता येतो. विक्टर कोर्चनॉयसारख्या दिग्गजाने १९७४ मध्ये कार्पोवविरुद्धच्या सामन्यात पंचांना हे विचारून मगच किल्लेकोट केला होता, त्यामुळे मुलांनी विचारायला लाजू नये.

पण किल्लेकोटानंतर राजाची सुरक्षा टिकते ती समोरच्या तीन प्याद्यांवर, आणि प्यादं मागे येत नाही. प्रतिस्पर्ध्याचा उंट किंवा घोडा जवळ येऊ नये म्हणून कडेचं प्यादं एक घर पुढे टाकायची सवय फार आहे. कधीकधी ती चाल योग्यही असते. तिची किंमत काय असते ते नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत दाखवलं. समोर हिकारू नाकामुरा, क्लासिकल प्रकारात ४७ डाव न हरलेला. विदित काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. अकराव्या चालीला त्याने उंट देऊन पांढऱ्या राजाच्या बाजूचं एच३ वरचं प्यादं उचललं आणि २९ चालींत डाव जिंकला. राखणीसाठी पुढे गेलेलं प्यादंच हल्ल्याला पकडायला जागा देऊन गेलं. आणि तो हल्ला पटावर सुचलेली लहर नव्हता. घरी बसून केलेली तयारी होती.

‘बलिदान हल्ल्यासाठीच असतं’ हाही असाच एक समज. झ्युरिच, १९५३. सॅम्युएल रेशेव्हस्कीकडे मध्यभागी प्याद्यांची भक्कम जोडी होती आणि तिग्रान पेट्रोस्यानचे हत्ती, घोडा सगळे अडकून पडले होते. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यानने आपला हत्ती ई६ वर नेऊन ठेवला, जिथे पांढरा उंट तो सहज मारू शकत होता. मारलाही. त्या बदल्यात पांढऱ्याची प्यादी रोखली गेली आणि काळा घोडा डी५ वर असा बसला की तिथून त्याला कुणी हलवू शकेना. डाव बरोबरीत सुटला. शहाची धमकीसुद्धा नसताना, केवळ घर राखण्यासाठी दिलेला हत्ती! माझ्या मते बुद्धिबळातल्या सुंदर चालींत ही फार वरची आहे.

मग आक्रमक खेळाडू आणि बचावाचा खेळाडू असे दोन वर्ग असतात की नाही? पिंड वेगळा असतो, पण वर्ग पाडून मुलांना त्यात बसवणं अन्यायाचं आहे. १९६० मध्ये तेविसाव्या वर्षी जगज्जेता झालेला मिखाइल ताल हा हल्ल्यासाठीच ओळखला जातो. त्याच तालने १९७३-७४ मध्ये सलग ९५ डाव हार पाहिली नाही, आणि तो विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. ज्याला हल्ल्यातल्या सगळ्या वाटा दिसतात, त्याला स्वतःवर येणाऱ्या वाटाही दिसतात.

बरोबरी म्हणजे भित्रेपणा, असं मानणाऱ्या पालकांनी नागपूरच्या दिव्या देशमुखचा जुलै २०२५ मधला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहावा. बाटुमीत कोनेरू हंपीविरुद्ध क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकचा पहिला डावही बरोबरीत. दुसरा दिव्याने जिंकला, आणि एकोणीस वर्षांची ही मुलगी विश्वचषकासोबत भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

इथल्या ऑफिसांतली तरुण मंडळी लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन’सारखे खेळ खेळतात. तिथेही वाद हाच: प्रत्येक शहरात फौज ठेवायची की सगळी सीमेवर न्यायची? ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये रानटी टोळीचा टेहळ्या तुमचं शहर पाहून तळावर परत पोहोचला, की धाडी सुरू होतात. तो परतण्याआधीच त्याला बाहेर गाठणं, हाच शहराचा सर्वांत स्वस्त बचाव. शहरात बसलेल्या तीन तुकड्यांपेक्षा वेळेवर निघालेली एक तुकडी जास्त कामाची. पण ती तुकडी बाहेर पाठवता येते, कारण मागे निदान एक पहारा असतो. पटावरही असंच आहे: प्रतिस्पर्धी कडेने चढाई करत असेल तर त्याला उत्तम उत्तर बहुतेकदा मध्यभागी हल्ला हेच असतं, मात्र आपला राजा तेवढा वेळ तग धरणार असेल तरच.

तेव्हा आईबाबांना एक विनंती. पटाभोवती उभं राहून ‘हल्ला कर’ किंवा ‘सांभाळ’ असं काहीच सांगू नका. मुलांना डाव लिहायला लावा. डाव संपल्यावर ती वही घेऊन त्यांच्यासोबत बसा, पहिलं बलिदान किंवा पहिली मोठी चढाई जिथे झाली तिथे थांबा आणि दोनच गोष्टी मोजायला सांगा: प्रतिस्पर्ध्याच्या राजाजवळ आपल्या किती सोंगट्या पोहोचत होत्या, आणि राखायला त्याच्या किती होत्या.