रणभूमीचा सातबारा

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या नृसिंहाला येणारा भाविक सपाट काळ्या रानातून येतो. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर पिकते. पवनचक्क्यांच्या धंद्याला लागतो तो उंच माळ इथे नाही. त्यासाठी पश्चिमेला बीड ओलांडून बालाघाटावर चढावे लागते. पाटोदा, वाशी, भूम तालुक्यांच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, अजून राहत आहेत. आणि या तालुक्यांच्या शेजारीच जामखेडचे खर्डा आहे.

खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. निजामअली मोहरीचा घाट उतरून परांड्याच्या रोखाने निघाला होता. समोर पेशव्यांची, शिंद्यांची, होळकरांची, नागपूरकर भोसल्यांची फौज, सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सरदाराची कवायती पलटणे होती, शिंद्यांकडे पेराँची. पेराँने उंचवट्यावर तोफा चढवून रेमंडच्या पलटणांवर मारा केला. रात्री निजामाच्या गोटात घबराट उडाली, फौज मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरली. पुढे वेढा, पाण्याची टंचाई आणि तह. दौलताबादेसह मोठा मुलूख गेला, दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला. सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढले ते इथे शेवटचे.

आज किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज आहे, २०२१ च्या दसऱ्याला उभारलेला. पण लढाई काही किल्ल्यात झाली नव्हती. घाट, ओढे, तळ, तोफांचा उंचवटा, पळतीची वाट अशी ती कित्येक गावांच्या शिवारांत पसरलेली होती. त्या शिवारांना गट नंबर आहेत, मालक आहेत. रणभूमी म्हणून सातबाऱ्यावर नोंद कुठेच नसते. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, असे २०१० ची कायदा-दुरुस्ती सांगते. तोफेचा पल्ला याहून लांब होता. शिवाय २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. पाते कुठे उभे राहील हे ठरताना त्या जमिनीत काय आहे, असे विचारायला कायद्याने कोणी बांधलेलेच नाही.

तोफखान्याला जो उंचवटा हवा असतो, तोच पवनचक्कीला हवा असतो. दोघांनाही समोर उघडे रान लागते. म्हणून ही गाठ पुन्हा पुन्हा पडणार.

पवनचक्की दिसायला विद्रूप असते, म्हणून रणभूमीवर नको, हे मला पटत नाही. टॉवर पंचवीसेक वर्षांनी उतरवता येतो. खरी हानी जमिनीत होते, आणि तीही पायापेक्षा रस्त्याने जास्त. पात्यांचा लांबलचक ट्रेलर वळवायचा, क्रेन उभी करायची, तर बांध फोडून, वरची माती ओढून मुरूम अंथरावा लागतो. लढाईचा पुरावा नेमका त्या वरच्या वीतभर मातीत असतो: बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे, नाल, बक्कल. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या मैदानावरचे गवत १९८३ मध्ये जळाले आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन ते पिंजून काढले. प्रत्येक काडतूस जिथे सापडले तिथेच नोंदले. कोण कुठून कुठे सरकत लढला हे त्या जागांवरून कळले. गोळी उचलून टोपलीत टाकली असती, तर ते शिशाचे भंगारच झाले असते.

खर्ड्यावर असे काम करायला आपल्याकडे कागदांची तूट नाही. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. ती शिवारांशी ताडून पाहिली, तर पेराँचा उंचवटा नेमका कोणता, हेही शोधता येईल.

रणभूमी आणि पवनचक्कीची गाठ बाहेरही पडली आहे. उत्तर फ्रान्समधल्या बुलेकूरला १९१७ च्या वसंतात सुमारे दहा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अनेकांचे देह अजून त्या शेतांत आहेत. तिथे पवनचक्क्या येणार म्हटल्यावर ऑस्ट्रेलियातून ओरड झाली आणि २०१८ मध्ये एंजी कंपनीने बेत सोडला. इंग्लंडने १९९५ मध्येच रणभूमींची यादी केली. त्या यादीने जमीन गोठत नाही, पण परवानगी देणाऱ्याला ती डोळ्यांआड करता येत नाही.

शेतकऱ्याचे काय? कोरडवाहू माळाला मोबदला मिळत असेल, तर तो नाकारायला मी कोण? बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर पवनचक्की म्हटले की खंडणी आणि दहशतच आठवते; त्या दडपणात इतिहासाची आणखी एक अडचण गावावर लादू नये. जमीन तपासण्याचा खर्च कंपनीने सोसावा, काम राज्य पुरातत्त्व विभागाने डेक्कन कॉलेज आणि मराठवाडा विद्यापीठाला सोबत घेऊन करावे. रस्त्याची आखणी झाली की मुरूम पडण्याआधी त्या पट्ट्यात धातुशोधक फिरवावा आणि काही सापडले तिथे रस्ता थोडा वळवावा. ज्याच्या वावरात गोळी निघाली त्याला सरकारी जाचाची भीती वाटणार नाही, अशी लेखी हमी गावसभेत आधी द्यावी. नाहीतर १८७८ च्या निखात निधी कायद्याच्या धाकाने ती गोळी मुकाट्याने पुन्हा मातीत जाईल. सुरुवात मोहरी ते खर्डा या पट्ट्यापासून करावी.