‘खरेदीच्या भावात देतो’

खोटे बोलल्याशिवाय धंदा होत नाही, असे सांगणारे दुकानदार प्रत्येक बाजारपेठेत भेटतात. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला त्यांच्या एकाच वाक्याविषयी लिहावेसे वाटते: ‘भाऊ, तुम्हाला खरेदीच्या भावात देतो.’

लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींशी तास-दोन तास घासाघीस झाली की हे वाक्य हमखास येते. रंग कच्चा असेल तर पहिल्या धुण्यात कळतो. सुती म्हणून पॉलिस्टर दिले तर धागा जाळून पाहता येतो. सूत कागदासारखे जळते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. पण दुकानदाराची खरेदी त्याच्या वहीत असते. ती गिऱ्हाईक कशी तपासणार? म्हणून हे खोटे सर्वांत सोपे आणि आमच्या मते सर्वांत वाईट.

आपल्या फिकहमध्ये या व्यवहाराला नावच आहे. खरेदीच्या भावात विकणे म्हणजे तौलिया; खरेदी सांगून त्यावर ठरलेला नफा घेणे म्हणजे मुराबहा. दोन्ही सौदे विक्रेत्याच्या शब्दावर उभे. खरेदी वाढवून सांगितल्याचे उघड झाले, तर तौलियात वरची रक्कम कापावी आणि मुराबहात गिऱ्हाइकाने हवे तर माल परत करावा, असे इमाम अबू हनीफा यांचे मत. त्यांचे शिष्य इमाम अबू युसुफ दोन्हीत रक्कम कापायला सांगतात. इमामसाहेब स्वतः कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. भागीदाराने कापडातला दोष न सांगता माल विकला, तेव्हा त्यांनी आलेली सारी रक्कम सदका करून टाकली, असे चरित्रकार लिहितात.

दोघांत समेट घडवताना, नवरा-बायकोत गोडी राहावी म्हणून आणि युद्धात, अशी सवलत हदीसमध्ये आली आहे. दुकानाची गादी त्यात नाही.

पुढाऱ्यांच्या थापांवर मात्र आपण चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलतो. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्याकडे कोण प्रतिज्ञापत्र मागतो?

आणि समोर बसलेला माणूस कोण असतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील आमच्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी, कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असे मुख्यमंत्र्यांना कळवले होते. किडनी ७५ हजार, लिव्हर ९० हजार, डोळे २५ हजार असे भावही लिहिले होते. अवयव विकायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती यादी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. असाच कर्जात बुडालेला शेतकरी मुलीच्या बस्त्याला येतो. निम्मे रोख देतो, निम्मे सोयाबीन विकल्यावर. ‘खरेदीच्या भावात’ म्हणून वर चढवलेले पाच-सातशे रुपये त्याच्या उधारीत जाऊन बसतात.

नफा घेणे हलाल आहे, तो लपवायचे कारण काय? ‘तुमची खरेदी काय?’ असे कोणी विचारले तर, ‘ती सांगणार नाही, विकायचा भाव हा,’ एवढे उत्तर पुरते. हे ऐकून काही मंडळी उठतात, शेजारच्या दुकानात तेच गोड वाक्य ऐकतात आणि बस्ता तिथेच बांधतात. दर लग्नसराईत अशी दोन-चार कुटुंबे आमच्या पायऱ्या उतरून जातात.