खेळण्यातली बंदूक, खरा डोळा

पाडव्याच्या दिवशी आमचा दवाखाना बंद असतो. २०२५ च्या दिवाळीत मात्र तो सकाळीच उघडावा लागला. रावेर तालुक्यातल्या एका गावाहून अकरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणले होते. डाव्या डोळ्यावर धुतलेल्या धोतराची चौपदरी घडी आणि वरून घट्ट बांधलेला रुमाल. मी काही विचारण्याआधीच आजोबांनी सांगून टाकले, "डाक्टरसाहेब, खेयानी बंदूक व्हती ती, खरी नही."

रुमाल सोडला. भुवई जळालेली, पापण्या सुजलेल्या आणि बुबुळावरचा काचेसारखा स्वच्छ पडदा दुधाळ झालेला. डोळा लाल मात्र फारसा नव्हता, आणि त्यामुळे घरच्यांना थोडा धीर आला होता. मला त्याचीच धास्ती वाटली. चुन्यासारख्या दाहक पदार्थाने डोळा खोलवर भाजला की बुबुळाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्याच करपून जातात. मग लाली येणार कुठून? असा पांढराफटक डोळा लालभडक डोळ्यापेक्षा वाईट समजावा.

अपघात साडेसातला झाला होता आणि माझ्याकडे पोचेपर्यंत दहा वाजले होते. मधल्या अडीच तासांत त्या डोळ्याला पाण्याचा एक थेंबही लागू दिलेला नव्हता. का, असे विचारल्यावर मुलाच्या वडिलांनी जे सांगितले ते ऐकून मी खाली मान घातली. आदल्या वर्षी याच मुलाच्या आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी केली होती. "डोळ्याला पाणी लागू देऊ नका," असे मी त्या वेळी तीन-तीनदा बजावले होते. घराने ते लक्षात ठेवले आणि नातवाच्या बाबतीत तंतोतंत पाळले.

ती बंदूक म्हणजे पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे, मधे एक जोड आणि मागच्या बाजूला गॅस पेटवायचा लायटर. आत कार्बाईडचा खडा टाकायचा, थोडे पाणी शिंपडायचे, हलवायचे आणि लायटरची कळ दाबायची. मोठा बार होतो. शेतातली माकडे, रानडुकरे आणि पाखरे हाकलायला शेतकरी असली नळी वापरतात. मुलांनी ती मोबाईलवर पाहून घरी केली. केळी आणि पाईप या दोन्हींसाठी नाव असलेल्या आपल्या जिल्ह्यात सामान शोधायला लांब जावे लागत नाही. पाईपचे तुकडे बांधावर पडलेले असतात. कार्बाईडचे म्हणाल, तर त्याने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे आणि इथिलीन वायूच्या रायपनिंग चेंबरची सोय झालेली आहे, तरी गॅस वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये ते कायदेशीरपणे असतेच. या मुलाने ते तिथूनच आणले होते.

कार्बाईडला पाणी लागले की दोन गोष्टी तयार होतात. एक अॅसिटिलीन वायू, दुसरा विरलेला चुना. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळला तरच पेट घेतो. त्याहून कमी वा जास्त झाला तर पेटत नाही. अॅसिटिलीन अडीच टक्क्यांपासून थेट ऐंशी टक्क्यांपर्यंत पेटतो. म्हणजे मुलांनी मिश्रण कसेही केले तरी बार व्हायचाच, फक्त केव्हा ते सांगता येत नाही. पहिल्या खटक्याला बार झाला नाही की मूल नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन आत बघते. आत ओला खडा वायू सोडतच असतो. एवढ्यात दुसरा कोणी कळ दाबतो. मग डोळ्यावर एकाच वेळी आग, धक्का आणि गरम चुना येतो. आगीने पापण्या भाजतात, त्या भरून येतात. खरा घात चुना करतो. आम्ल पदार्थ डोळ्यात गेला तर वरचा थर गोठतो आणि पुढे जायला अडथळा होतो. चुना पेशींतली चरबी विरघळवत आत उतरतो, आणि त्याला काही मिनिटे पुरतात.

सीमेपलीकडचा धडा

रावेरहून बऱ्हाणपूर किंवा शिरपूरहून सेंधवा आपल्याला परका मुलूख वाटत नाही. त्याच दिवाळीत मध्य प्रदेशात ही नळी 'कार्बाईड गन' किंवा 'देशी फटाका गन' म्हणून रस्त्यारस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना विकली गेली. भोपाळचे हमीदिया रुग्णालय आणि एम्स, शिवाय विदिशा, ग्वाल्हेर, इंदूर इथली रुग्णालये डोळे भाजलेल्यांनी भरली. जखमींची संख्या शेकड्यांत होती, त्यांत बहुतेक मुले, आणि काहींची दृष्टी कायमची गेली. विक्रीवर बंदी आली, साठे जप्त झाले, गुन्हे नोंदले गेले. पण डोळे जायचे ते गेले होते.

आरोग्याच्या सदरात कायदा कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण त्या मुलाच्या आजोबांचे "खरी नही" हे शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून एका वकील मित्राकडून शस्त्र कायदा मागून घेतला. १९५९ च्या या कायद्यात नकली बंदुकीची व्याख्या कलम ६ मध्ये आहे. जिच्यातून गोळी सुटो वा न सुटो, जी बंदुकीसारखी दिसते ती नकली बंदूक. विनापरवाना तिचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. नकली बंदूक दाखवून कोणी अटक टाळू पाहिली तर कलम २८ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. गावठी कट्ट्यांच्या बातम्या आठवड्याआड वाचणाऱ्या आपल्या भागात हे कलम कामाचे आहे, यात शंका नाही. परंतु हा सगळा विचार बंदूक कोणाला खरी वाटते याचा आहे. ती डोळ्याला काय करते याचा त्यात विचार नाही.

आपली पाईपची नळी तर बंदुकीसारखी दिसतही नाही. कार्बाईडच्या साठ्यासाठी १९८७ चे वेगळे नियम आहेत आणि ते पाहणारी पेट्रोलियम व विस्फोटकांची केंद्रीय संघटना आपल्या नागपुरातच आहे. पण खिशात मावणारा खडा त्यांच्या नजरेस कसा पडणार? चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ही मोठी चांगली गोष्ट झाली. मात्र धुळ्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेत किंवा अमळनेरच्या वैशाखातल्या यात्रेत दोरीला टांगलेल्या छर्‍याच्या बंदुकांवर मी अजून ते चिन्ह पाहिलेले नाही. फुगे फोडायची एअरगन घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअरगनचा छर्रा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जोर २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. आता २० ज्यूल पोलिसांच्या हिशेबाने किरकोळ असतील. डोळा फुटायला त्याचा लहानसा हिस्साही पुरतो.

इतर देशांनी दिसण्याचाच प्रश्न पुढे नेला. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण १९८९ पासून बंधनकारक आहे. तरी २०१४ साली क्लीव्हलंड शहरात खूण नसलेले नकली पिस्तूल हातात असलेला बारा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. ब्रिटनने २००७ च्या ऑक्टोबरपासून हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी घातली, काही अपवाद ठेवून. आपल्या शस्त्र कायद्यात अशी रंगाची सक्ती नाही. ती यावी असे मला वाटते. पण आधी नळी थांबवावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. जिल्हाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असे मनाई आदेश काढता येतात. जळगाव आणि धुळ्यात तो आदेश वसुबारसेच्या आधी पंधरा दिवस निघावा आणि वर्कशॉपवाल्यांपर्यंत तोंडी पोचावा.

पाणी कधी, पाणी कधी नाही

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. ते नीट वाचावे, आणि जमल्यास कापून स्वयंपाकघरात चिकटवावे.

कार्बाईड डोळ्यात उडाले तर आहे त्या जागी, त्याच मिनिटाला पाणी. गाडी काढू नये, फोन करत बसू नये. चेहऱ्यावरचा भुगा कोरड्या फडक्याने झटकून टाकावा. मुलाला आडवे करून मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला वळवावी, म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. एकाने दोन्ही पापण्या बोटांनी फाकवून धराव्यात, दुसऱ्याने पिण्याचे पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहावे. मुलाला वर, खाली, इकडे, तिकडे बघायला सांगावे. अर्धा तास. घड्याळ लावून अर्धा तास, कारण घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटेही खूप वाटतात. मूल रडेल, ओरडेल, हात झटकेल. तरी थांबू नये. लिंबू, व्हिनेगार, तूप, मध, गुलाबपाणी, आईचे दूध यांतले काहीही घालू नये. मग नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वरच्या पापणीच्या आत चुन्याचे कण चिकटून राहतात, ते पापणी उलटवूनच काढावे लागतात.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना ती फुटून लहान मुलाच्या डोळ्यात उडते, त्यालाही हाच उपाय. भिंतीचा चुना, सिमेंट, फवारणीचे औषध, सगळ्यांना हाच.

छर्रा लागला तर मात्र नेमके उलटे करावे. धुवू नये, चोळू नये, थेंब घालू नयेत, घडी दाबून बांधू नये. डोळा फुटलेला असेल तर दाबाने आतला ऐवज बाहेर येतो. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल अशा बेताने, चिकटपट्टीने बसवावा. काही रुतले असेल तर ते ओढू नये. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये. कार्बाईडच्या स्फोटात डोळा फुटल्याची शंका असेल तर धुवावेच, पण पाणी अगदी हळू ओतावे आणि डोळ्यावर बोट दाबू नये.

प्लॅस्टिकच्या छर्‍याने डोळा बहुधा फुटत नाही, आणि तिथेच पालक फसतात. संध्याकाळपर्यंत दुखणे कमी होते, मूल खेळायला जाते. डोळ्याच्या आत बुबुळापाशी रक्त साकळलेले असते ते कोणी पाहत नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा जोराचा असतो. डोळ्यातला दाब वाढतो. अशा मुलाला उशी उंच देऊन झोपवावे, पळू देऊ नये, अॅस्पिरिन देऊ नये आणि त्याच दिवशी डोळा तपासून घ्यावा. मार जोराचा असेल तर मोतीबिंदू लवकर येतो आणि काचबिंदू दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा येतो. तेव्हा जत्रेतली बंदूक कोणाच्याही आठवणीत नसते.

त्या मुलाचा डोळा आम्ही सलाईनच्या बाटल्यांनी धुतला, पापणीखालून पांढरे खडे काढले, तपासणीच्या कागदाचा रंग पालटेपर्यंत पुन्हा धुतला. नंतर त्याला मोठ्या शहरात पाठवले. तिथे बाळंतपणातून मिळणाऱ्या गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा डोळ्यावर बसवला. बुबुळाच्या कडेच्या ज्या मूळपेशींतून वरचा थर पुन्हा पुन्हा उगवतो त्या जळाल्यामुळे नुसते नेत्ररोपण टिकत नाही. पुढे दुसऱ्या डोळ्यातून त्या पेशी घेऊन लावायचा विचार आहे. सध्या त्याला डाव्या डोळ्याने हाताची बोटे मोजता येतात, तीही जवळ धरली तर.

तपासणीला तो आजीबरोबर येतो. आजीचे दोन्ही डोळे आता उत्तम आहेत. मोतीबिंदूच्या रुग्णांना घरी जाताना मी जो छापील कागद देतो त्यात "डोळ्याला पाणी लागू देऊ नका" या ओळीखाली एक ओळ वाढवली आहे: "ही सूचना फक्त शस्त्रक्रियेच्या डोळ्यासाठी आहे. घरात कोणाच्याही डोळ्यात चुना, कार्बाईड किंवा फवारणीचे औषध गेल्यास ताबडतोब अर्धा तास पाण्याने धुवावे." आजीने तो कागद नातवाकडून वाचून घेतला. त्याने उजवा डोळा जवळ नेऊन वाचला.